सुरात परतलेल्या तारेबद्दल आभार

माझी इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नव्हती, तेव्हा ज्या अनोळखी जाणकारांनी स्वतःचा वेळ देऊन मला मार्ग दाखवला, त्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. तिसरी तार, म्हणजे जी (G) सुराची, एकदा बेंड केली, म्हणजे सूर चढवण्यासाठी बोटाने बाजूला ओढली, की मूळ सुरावर परतत नसे. मी दोष खुंट्यांना देत होतो आणि त्या बदलण्याच्या विचारात होतो.

खुंटी फिरवताना नीट कान द्यावा, असे तुमच्यापैकी एकाने सुचवले. तसे केले, तेव्हा सूर काही क्षण हललाच नाही आणि मग नटपाशी, म्हणजे खुंट्यांजवळच्या ज्या खाचांच्या पट्टीवरून तारा जातात तिथे, बारीकसा ‘टिक्’ आवाज होऊन एकदम वर गेला. तार नटच्या खाचेत अडकत होती. तार बाजूला सारून खाचेत मऊ पेन्सिलीचे टोक घासले, कारण त्यातील ग्रॅफाइट वंगणाचे काम करते, आणि अडकणे थांबले.

नव्या तारा हलकेच ताणून पुन्हा जुळवाव्यात, खुंटीवर २-३ वेढे पुरतात आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावावा, म्हणजे तारेत ढिलाई उरत नाही, हेही तुमच्यामुळेच कळले. खाच कानशीने रुंद करण्याची घाई करू नये, असे बजावणाऱ्या व्यक्तीचा मी विशेष ऋणी आहे. खाच जास्त खोल गेली असती, तर नटच बदलावा लागला असता. काल दोन तास वाजवताना तीच तार कितीदा तरी बेंड केली, आणि दर वेळी ती सुरावर परतली.