कपात नेमकी कशात?

महोदय,

महागड्या फॅशन ब्रँडच्या हवामानविषयक आश्वासनांवर आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण उत्सर्जन ‘इतके टक्के घटवणार’ असं मथळ्यात आलं की एक प्रश्न राहून जातो: घट एकूण धुरात, की नगामागे? कापड रंगाईच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे पत्र.

शनेलने 2020 मध्ये पुरवठा साखळीतलं उत्सर्जन 2030 पर्यंत 40 टक्क्यांनी घटवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. ते विकलेल्या प्रत्येक नगामागे आहे. नगामागे 40 टक्के घट झाली आणि विक्री दुप्पट झाली, तर एकूण उत्सर्जन 20 टक्क्यांनी वाढतं, तरीही लक्ष्य गाठल्याचं सांगता येतं. लुई व्हिटॉनची मालक कंपनी एलव्हीएमएचने स्कोप 3 साठी, म्हणजे पुरवठा साखळीसारख्या स्वतःबाहेरच्या उत्सर्जनासाठी, घेतलेलं 55 टक्क्यांचं लक्ष्य तर मूल्यवर्धनाच्या, म्हणजे विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाचा व सेवांचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या, प्रमाणात होतं. पर्सची किंमत वाढवली की हे प्रमाण आपोआप सुधारतं, कारखान्यांतला कोळसा मात्र तेवढाच जळतो. गुच्चीची मालक कंपनी केरिंगने 2023 मध्ये एकूण उत्सर्जन 2021 च्या तुलनेत 2035 पर्यंत 40 टक्क्यांनी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात पुरवठादारांचं उत्सर्जनही धरलं. शनेल आणि केरिंग, दोघांचेही 40 टक्केच. वाचकाला त्यातला फरक कसा कळावा?

स्कोप 3 म्हणजे ब्रँडच्या स्वतःच्या दुकानांबाहेरचं आणि कार्यालयांबाहेरचं सगळं: शेळ्या-मेंढ्या, कातडं, सूत, विणाई, रंगाई, वाहतूक. बहुतांश उत्सर्जन इथेच होतं. शोरूमला सौरऊर्जा घेतली ही चांगलीच गोष्ट, पण तो हिशेबाचा छोटा कोपरा आहे.

प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यात, तासभर उभं राहिलं की हे अंगाला कळतं. लोकर रंगवताना पाणी जवळजवळ उकळीपर्यंत न्यावं लागतं, पॉलिस्टर दाबाखाली 130 अंशांवर रंगतं. मग एकामागून एक धुण्या, त्यातल्या बऱ्याच गरम पाण्याच्या. ही सगळी वाफ बॉयलरची. मंजूर नमुन्याशेजारी कापड धरल्यावर शेड जराशी लालसर वाटली, तर लॉट नापास होतो. तेच कापड पुन्हा यंत्रात जातं, पाणी पुन्हा तापतं. महागड्या मालाची शेड तपासणारी नजर फार कडक असते. बॉयलरमध्ये काय जळतं, हे तितक्याच कडकपणे विचारायला आलेला खरेदीदार मला इतक्या वर्षांत भेटला नाही. कोळशाचा बॉयलर काढून दुसरी सोय करायची तर पैसा लागतो, आणि तो पुरवठादाराने घालावा असंच गृहीत धरलं जातं. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरची हमीही नसते. असं असताना तो कर्ज कशाच्या भरवशावर काढणार?

कार्बन क्रेडिट घेऊन, म्हणजे दुसरीकडे उत्सर्जन टाळण्यासाठी पैसे देऊन ते आपल्या हिशेबातून वजा करून, ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणवून घेण्याबद्दलही लिहायला हवं होतं. गुच्चीने 2019 मध्ये संपूर्ण पुरवठा साखळीसह असा दावा केला होता. 2023 मध्ये तो संकेतस्थळावरून उतरला. जंगल वाचवण्याला पैसे देणं चांगलंच आहे, पण त्यामुळे बॉयलरचा धूर कमी होत नाही.

सर्वांत जास्त खुपतं ते न विकलेला माल जाळणं. बर्बेरीने 2018 च्या वार्षिक अहवालात 2 कोटी 86 लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं सांगितलं आणि टीकेनंतर त्याच वर्षी ही पद्धत बंद केली. पुढे फ्रान्सने कायदा केला. युरोपीय संघानेही 2024 च्या नियमात मोठ्या कंपन्यांसाठी न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करण्यावरील बंदीची तारीख ठरवली, जुलै 2026. सूत कातण्यापासून शिवणापर्यंत खर्च झालेली सगळी ऊर्जा, तीही ग्राहकाच्या अंगावर एकदाही न चढता, राख व्हायची. रंगाईवाल्याला हे बघवत नाही.

जाता जाता, ‘जगाच्या उत्सर्जनात फॅशनचा वाटा 10 टक्के’ हा सगळीकडे फिरणारा आकडा कृपया तपासून छापावा. 2021 च्या एका अभ्यासात वस्त्रोद्योगाचा 2019 मधला वाटा सुमारे 2 टक्के निघाला होता. तोही 100 कोटी टनांहून अधिक होतो. आकडा फुगवायची गरजच नाही.

माझी विनंती एवढीच: यापुढे असं आश्वासन छापताना चार गोष्टी सोबत द्याव्यात. लक्ष्य एकूण आहे की नगामागे, कोणत्या वर्षाच्या तुलनेत, स्कोप 3 धरला आहे का, आणि पुरवठादाराच्या बॉयलरचा खर्च कोण उचलणार. बातमीखाली दोन ओळींत हे मावतं.

आपला,
एक नियमित वाचक