पूर्ण एक मिनिट

बाई,

गावोगावी घरभेटी देऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हा आशा सेविकांना तुम्ही ट्रेनिंग द्यायचात. तालुक्यातल्या सगळ्या आशा तुम्हाला मॅडम म्हणायच्या. मी एकटीच बाई म्हणायचे, आणि तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत. गेल्या महिन्यात तुम्ही रिटायर झालात, पण निरोपाला मला येता आलं नाही. त्याच दिवशी वाडीत एकीला कळा सुरू झाल्या आणि मी तिच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात होते. तुम्ही त्याचं वाईट वाटून घेतलं नसणार. पण दोन शब्द बोलायचे होते ते राहिले. माईक हातात आला असता तर "मॅडमनी मोलाचं मार्गदर्शन केलं" एवढंच बोलून मी खाली बसले असते, म्हणून इथे सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

२०१२चा श्रावण होता. देवगड तालुक्यातल्या त्या हॉलची लाईट सकाळीच गेली होती. नवजात बाळाच्या घरभेटीचं ट्रेनिंग होतं. त्याआधीची माझी दोन ट्रेनिंगं अशी झाली होती की साहेब पडद्यावरचं वाचून दाखवणार, आम्ही वहीत उतरवणार, आणि दुपारच्या उसळ-चपातीनंतर अर्धा हॉल डुलक्या घेणार. त्या दिवशी पडदाच चालेना. तुम्ही म्हणालात, "बरं झालं." डोक्यावर पदर घेतलात, खुर्चीवरून उतरून जमिनीवर मांडी घातलीत आणि म्हणालात, "मी सासू. येऊ देत कोण ती आशा."

पहिली मीच उठले. आईचं दूध, बाळाला ऊब, काट्यावर वजन, नाळेला काही लावू नका, पाठ केलेलं सगळं धडाधडा सांगून टाकलं. तुम्ही सुपारी चघळल्यासारखं तोंड करून ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "माका पाच पोरां झाली, तेवा खय होतो तुमचो काटो?" सगळ्या हसल्या. मला रडू यायचं बाकी होतं. मग सासूचा आवाज टाकून तुम्ही हळूच विचारलंत, "माझ्या सुनेचं नाव विचारलंस? ती रात्री झोपली का, जेवली का, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

त्या चार दिवसांत तुम्ही सासू झालात, दारू प्यायलेला नवरा झालात, बाळंतिणीला न्हाऊ घालणारी म्हातारी झालात. त्या म्हातारीला गप्प करायचं नाही, तिलाच बाळ गुंडाळायचं काम द्यायचं, म्हणजे ती आपल्या बाजूची होते, ही तुमची युक्ती मी अजून वापरते. गुटीच्या बाबतीत मात्र ती अजून मला हरवते, ते सोडा.

पण माझी खरी चूक पकडलीत ती शेवटच्या दिवशी, ओल्या बाळंतिणीच्या घरी. बाळाचा श्वास मोजायचा होता. मी टायमर लावला, तीस सेकंद मोजले, दुप्पट केले आणि वहीत आकडा लिहिला. तुम्ही सगळ्यांसमोर काही बोलला नाहीत. बाहेर पडवीत नेऊन सांगितलंत की नवजात बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. मध्येच थांबल्यासारखा होतो, मग भराभर येतो. अर्ध्या मिनिटात त्यातला कुठला तुकडा हाताला लागेल ते नशीब. पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, पोटावरचं कापड बाजूला करून. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट. दोन्ही वेळा साठ किंवा वर आले तर सासूशी वाद घालत बसायचं नाही, गाडी बघायची.

दुसऱ्या वर्षी मिरग लागला आणि सड्यावरच्या एका घरात माझी सातव्या दिवसाची भेट होती. बाळ निजलेलं. आजी म्हणाली, "पोर झोपाळू आसा गो, बापाशीवर गेला." सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, कालपासून नीट ओढत नाही. तळपाय गार लागले. मोजले, सहासष्ट. आजी म्हणाली, तुझं यंत्र बिघडलं असेल. परत मोजले, अडुसष्ट. त्या दुसऱ्या मिनिटाइतकं लांब मिनिट मी आयुष्यात बघितलं नाही, बाई. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं, वरून लुगडं बांधलं आणि रिक्षाने निघालो. जंतुसंसर्ग निघाला. बारा दिवसांनी बाळ घरी आलं. आता ते पोर माझ्याच आवारातल्या झाडाला दगड मारतं, आणि मी त्याला शिव्या घालते.

त्या घरभेटींचे सगळे मिळून आम्हाला अडीचशे रुपये. ते वेळेवर मिळावेत म्हणून तुम्ही कुणाकुणाच्या टेबलासमोर उभ्या राहिलात तेही आम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत म्हणून आम्हाला कळलं नाही असं समजू नका.

आणि ती फळी. फुरसं चावल्यावर काय करायचं हे शिकवायला तुम्ही आंब्याच्या पेटीची फळी आणि जुनी ओढणी घेऊन आला होतात. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठणंच थांबतं, मग कापलेल्या जागेतून ते वाहतच राहणार. पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालवायचं नाही. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच. आमच्या वाडीत विष उतरवणारा एक म्हातारा आहे. त्याच्याशी भांडू नकोस, त्यालाच फळी बांधायला शिकव, असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आज तो मंत्र म्हणतो, पण रिक्षात बसून म्हणतो.

बागेतले नेपाळी राखणदार आणि बोटीवरचे खलाशी आमच्या सर्व्हेत कुठेच नसायचे. मी म्हटलं, ते आपल्या गावचे नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "डास त्यांचं आधार कार्ड बघतात काय?" तेव्हापासून ते माझ्या वहीत शेवटच्या पानावर असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला एकजण मला त्याच पानावर सापडला.

२०२०च्या मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येत होते आणि माझ्या सख्ख्या दिराला शाळेत चौदा दिवस राहायला सांगायची पाळी माझ्यावर आली. घरात चूल वेगळी व्हायची वेळ आली होती. रात्री अकराला तुम्हाला फोन केला. तुम्ही काही शिकवलं नाहीत. तासभर ऐकलंत आणि म्हणालात, सकाळी त्याच्यासाठी पेज घेऊन जा, मग बोल. पेज चालली.

पुढच्या सोमवारी आमच्या उपकेंद्रात दोन नव्या मुली येणार आहेत. आम्हा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक म्हणाल्या, त्यांच्या ट्रेनिंगचे पहिले दोन दिवस तू घे. लाईट असली तरी मी सासू होणार आहे, डोक्यावर पदर घ्यायला लुगडं काढून ठेवलंय. तुमची फळी अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही त्यावेळी ती विसरून गेलात, मी आठवण केली नाही. आता मागू नका, मिळणार नाही.

तुमची,
सड्यावरची आशा