बोअर वाढवण्याआधी मापे घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या १५० सीसीच्या मोटारसायकलवर १८० सीसीचा ब्लॉक (सिलिंडरचा भाग) आणि पिस्टन चढवायचा आणि घरच्या घरी इंजिन 'मोठे' करायचे, ही हौस इंदूरच्या तरुणांत बरीच आहे. हात काळे करून यंत्र शिकणे केव्हाही चांगलेच. पण चार नट सोडवले, ब्लॉक बदलला की काम झाले, ही समजूत इंजिनाच्या आणि स्वाराच्या जिवावर येते. म्हणून हे पत्र.

आधी एक घोळ दूर करू. झिजलेल्या सिलिंडरला बोअर मारून (आतून कातून रुंद करून) ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकणे ही दुरुस्ती आहे. स्प्लेंडरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी. बोअर ५१ मिमी झाला तरी ९७.२ सीसीचे जेमतेम १०१ सीसी होतात. बोअर केल्यावर गाडी ताजी वाटते ती गेलेले कॉम्प्रेशन (मिश्रणावरचा दाब) परत आल्यामुळे. पल्सर १५०चे गणित वेगळे. ५८ मिमी बोअर आणि ५६.४ मिमी स्ट्रोकचे १४९ सीसी होतात; स्ट्रोक तोच ठेवून १८०चा ६३.५ मिमी बोअर घेतला की १७८.६ सीसी. वाढ जवळजवळ २० टक्के. स्ट्रोक सारखा असल्यामुळे क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा) बदलावा लागत नाही, आणि मोह इथेच पडतो.

आता हेड (सिलिंडरवरचे झाकण) जुनेच ठेवले तर काय होते ते पाहा. मूळ कॉम्प्रेशनचे प्रमाण (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ९.५ धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे १७.५ सीसी असते. तेवढ्याच जागेत आता १७८.६ सीसी दाबले जाणार, म्हणजे प्रमाण ११च्या आसपास जाते. मे महिन्यात पारा ४२वर असताना दोन माणसे बसवून सिमरोलचा घाट चढायला घ्या. थ्रॉटल उघडताच इंजिन खडखड वाजू लागेल. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटत असल्याची ती खूण. असेच चालवत राहिले तर पिस्टनचा माथा खाल्ला जातो, दोन रिंगांमधली पट्टी तुटते. प्लग काढून पाहावा: पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवावी.

म्हणून हेडची जागा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटे ठेवा, कडेला ग्रीस लावून मध्ये भोक असलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि सिरिंजने रॉकेल किंवा पातळ तेल सोडा. किती सीसी मावले ते लिहून ठेवा. त्यात गॅस्केटची जागा मिळवा, पिस्टनचा माथा ब्लॉकच्या वर किंवा खाली राहत असेल तर त्याचाही हिशेब धरा. प्रमाण जास्त येत असेल तर हेड त्या पिस्टनला शोभेल असे घ्या, किंवा ब्लॉकखालचे पॅकिंग जाड करा. पॅकिंग जाड केले की कॅम चेनची (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीची) ओढ आणि टायमिंग जरासे बदलते, तेही तपासावे लागते. मग पिस्टनवर मुलांची चिकणमाती लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा आणि माती कापून तिची जाडी मोजायची. व्हॉल्व्हच्या खाली १.५ मिमीपेक्षा पातळ असेल तर किक मारू नका.

दुसरी अडचण क्रँककेसच्या (क्रँक ज्यात बसतो त्या पेटीच्या) तोंडाची. बोअर साडेपाच मिमीने वाढला की स्लीव्हचा (ब्लॉकमधल्या सिलिंडरच्या नळीचा) बाहेरचा व्यासही वाढणार. व्हर्नियरने दोन्ही मोजा. स्लीव्ह बसत नाही म्हणून लेथवर तिची भिंत पातळ करून घेणारे आहेत. ती भिंत खालच्या टोकाला चिरते. केसचे तोंडच मोठे करायचे असेल तर क्रँक बाहेर काढून, केस पूर्ण सोडवूनच करा. तोंडात कापड कोंबून घासले तरी ॲल्युमिनियमचा कीस कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये जातो. पिस्टन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या खिळीचा) व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंचीही जुन्या पिस्टनशी ताडून पाहा. दोन्ही पिस्टन पिन-रिंगांसकट काट्यावर ठेवा. नवा बराच जड असेल तर एका सिलिंडरच्या इंजिनाचा तोल जातो आणि हँडलला झिणझिण्या येतात.

बोअर मारणारा चांगला कोणता, हे त्याच्या लेथच्या किमतीवरून ठरत नाही, त्याच्याकडे डायल बोअर गेज (आतला व्यास मोजायचे साधन) आहे का यावरून ठरते. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा, फरक ०.०१ मिमीच्या आत हवा. पिस्टन त्याच्या पिनला काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) तळापासून सुमारे १० मिमी वर मोजतात. या आकाराच्या साध्या कास्ट पिस्टनला सिलिंडरशी फट ०.०३ ते ०.०५ मिमी. कमी ठेवली तर पिस्टन फुगून चिकटतो, जास्त ठेवली तर टकटक वाजतो. वरची रिंग एकटी सिलिंडरमध्ये टाकून पिस्टनने सरळ खाली ढकला. तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने ०.२५ मिमीच्या आसपास यावी. टोके गरम होऊन एकमेकांना टेकली की रिंग सिलिंडर ओरबाडते. होनिंगनंतर (सिलिंडर आतून घासून शेवटचा हात फिरवल्यावर) ब्लॉक पेट्रोलने धुतात ते चूक. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घ्या, पांढरे फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत घासा आणि लगेच तेल लावा. पिन जागी धरणारे लॉक नेहमी नवे.

चालवताना कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य भोक) एक-दोन नंबर वाढवून प्लग पाहावा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्याने मिश्रण आधीच पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होते. क्लचच्या प्लेटा घसरू लागतील, स्प्रिंगांसकट बदला. एप्रिल २०२०नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांवर हा उद्योग घरी करूच नये.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. कलम १८२अ मध्ये दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय थर्ड पार्टी विम्याचा टप्पा १५० सीसीला बदलतो. १७८ सीसीची गाडी १४९च्या हप्त्यावर धावत असताना अपघात झाला तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. त्यामुळे असे इंजिन बंद ट्रॅकवरच चालवावे. बायपासवर त्याची परीक्षा घेऊ नये.

शहरातल्या गॅरेजवाल्यांना आणि बोअर मारणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक ब्लॉकसोबत ग्राहकाला एक चिठ्ठी द्या: सिलिंडरची सहा मापे, पिस्टनचे माप, रिंगेची फट, तारीख. दुरुस्तीच्या साध्या बोअरलाही ती हवी. आणि ग्राहकांनी ती मागावी, मगच पैसे द्यावेत.

आपला,
एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर