आई-बाबांना पत्र: पावसाच्या तोंडावर घेतलेली जुनी गाडी

भांडुप, मुंबई
जूनचा पहिला आठवडा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की आई ‘कशाला हवी होती’ इथेच अडते आणि बाबांना निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. गाडी घेतली. 2014 ची वॅगनआर, पेट्रोलवरची, करड्या रंगाची, एक लाख ऐंशी हजारांना. कर्ज काढलेलं नाही, तेव्हा आई, पोस्टातली पावती मोडायचं मनातही आणू नकोस.

वॅगनआरच का, तर तुझ्या गुडघ्यांसाठी. सीट उंच आहे, वाकून आत शिरावं लागत नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे करायचं ठरलंच आहे, आणि तेव्हा तुम्हा दोघांना ठाणे स्टेशनच्या पुलावरून चढवत-उतरवत आणायची माझी तयारी नाही. सीएनजीवाली स्वस्तात पडली असती, पण तिची टाकी डिक्की खाते. तुम्ही परत पाठवताना तांदूळ, कोकमं, फणस आणि वर ‘एवढंसंच आहे’ म्हणून आणखी एक गोणी देता, ती कुठे ठेवू? शिवाय दर तीन वर्षांनी त्या टाकीची तपासणी करून घ्यावी लागते, ते वेगळंच.

आता बाबांचा पहिला प्रश्न. गाडी पाणी खाल्लेली तर नाही ना? चिपळूण आगारात जन्म घालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात, पण आगार व्यवस्थापक रोकड सांभाळत एसटीच्या टपावर बसून राहिले होते, हे तुम्ही अजून आल्यागेल्याला सांगता. त्या दिवशी बाजारपेठेत किती गाड्या बुडाल्या ते तुम्हाला माहीत. अशा गाड्यांचं पुढे काय होतं ते मला इथे कळलं. विमा कंपनी गाडी निकालात काढते, ती लिलावात जाते, कोणीतरी घेतो, सीटा धुतो, कार्पेट बदलतो आणि दुसऱ्या शहरात विकायला उभी करतो. मुंबईच्या बुडालेल्या गाड्याही अशाच आणखी कुठेतरी जात असणार.

मला दाखवलेल्या गाड्यांत एक एमएच 08 निघाली. आपल्या रत्नागिरीचा नंबर बघून आधी बरं वाटलं. दलाल म्हणाला, “ताई, गावाकडची गाडी आहे, ट्रॅफिकमध्ये घासलेली नाही.” पण दार उघडताच मोगऱ्याच्या सेंटचा असा भपकारा आला, की गाडीवाल्याला कसला तरी वास झाकायचाय हे तिथेच कळलं. मग तुम्ही सांगितलं होतं तसं बघत गेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, पुढचा मातकट आणि त्यावर आडवी रेघ. डिक्कीतली स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्यात वाळलेला बारीक गाळ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, त्यातल्या दोघांवर ताज्या पान्याच्या खुणा. डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारला तर वायरींच्या जोडांवर हिरवट थर. इंजिन मात्र गोड चालत होतं, आणि मेख इथेच आहे. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. वायरिंगमध्ये पाणी मुरलं की आज काच खाली होत नाही, काही महिन्यांनी मीटर बंद पडतो आणि एखाद्या रात्री घाटात दिवेच जातात. त्याला गाळ दाखवला तर म्हणाला, “ताई, कोकणात माती असणारच की.” बाबा, तुम्ही तिथे हवे होतात.

घेतली ती मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांची. पहिलाच मालक, नंबर एमएच 03, मीटरवर एकसष्ट हजार. मीटर मागे फिरवतात हे तुम्ही बजावलं होतं, म्हणून आकडा सर्व्हिसच्या जुन्या बिलांशी ताडून पाहिला. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीजही त्याला साजेशी होती. वास आला तो फक्त जुन्या रेक्झिनचा. खोट एकच होती, पण मुंबईची म्हणावी अशी. खाऱ्या हवेने डाव्या बाजूचा खालचा पत्रा जॅक लावतात तिथे खाल्ला होता. मिस्त्रींनी गाडी वर उचलून स्क्रू-ड्रायव्हरने ठोकत पाहिलं तर एका जागी तो आरपार गेला. बाकी पत्रा टणक वाजला. तेवढ्यावर भाव खाली आला. तिथे नवा तुकडा वेल्डिंग करून पूर्ण तळाला गंजरोधक कोटिंग मारून घेतलं. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आत करायचं असतं, नाहीतर ओल आतच कोंडून राहते आणि पत्रा कोटिंगखाली गुपचूप सडतो.

मग खर्चावरून घरात दोन पक्ष पडले. भाऊजींचं म्हणणं, सीटकव्हर टाक, मोठा स्क्रीन बसव, अलॉय व्हील लाव, गाडी नवी दिसेल. आईचाही कौल सीटकव्हरला पडेल हे मला ठाऊक आहे. माझं मत असं की जुन्या स्वस्त गाडीवर पैसा घालायचा तो जिथे पावसाशी गाठ पडते तिथे. डोळ्यांना दिसणाऱ्या जागी एक रुपयाही नाही. म्हणून गाडी अजून जुनीच दिसते. पण खाली वाकून बघाल तर बाबा, तुम्ही खूश व्हाल.

सगळ्यात मोठा खर्च टायरांचा. जुन्या टायरांची नक्षी चांगली शिल्लक होती, विकणारे गृहस्थ ती कौतुकाने दाखवत होते. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि त्यावरून टायर 2017 चे निघाले. उन्हात उभी राहून रबर टणक झालं होतं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं. कायद्याने नक्षी 1.6 मिलिमीटर खोल असली की चालते. ओल्या रस्त्यावर मात्र पाणी बाजूला सारायचं काम त्या खाचांचं आणि रस्ता धरायचं काम मऊ रबराचं, म्हणून चारही टायर नवीन टाकले. दुसरं असं, की माझ्या गाडीत एबीएस नाही. नव्या विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं 2019 च्या एप्रिलपासून, ही त्याच्या आधीची. जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होऊन गाडी घसरणार. म्हणजे तुम्ही शिकवलं तसं अंतर ठेवायचं आणि ब्रेक सोडत-दाबत मारायचा.

ब्रेकचं सगळंच काम करून घेतलं. पुढचे पॅड नवे, मागचे ड्रम उघडून लायनर बदलले. ब्रेक ऑइलही बदललं, आणि इथे बाबा, एकदा मी तुम्हाला काही शिकवते. तुमच्या एसटीला हवेचे ब्रेक, त्यामुळे ह्या तेलाशी तुमचा संबंध फारसा आला नसेल. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली मऊ होऊन जमिनीला टेकतं. बाटली चारशे रुपयांची. ती वाचवायला लोक वर्षानुवर्षं काळं पडलेलं तेल चालवतात.

बाकीची कामं किरकोळ. वायपरचे ब्लेड, बॅटरी, दारांचं रबर. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती मातीने बुजली होती, तारेने मोकळी केली. काचेखालच्या जाळीतून आंब्याची कुजलेली पानं इतकी निघाली की मिस्त्री म्हणाले, गाडीत खत तयार होत होतं. ही पानं साचली की पाणी थेट पायाशी उतरतं. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या घासून पॉलिश केल्या. (व्हिडिओत टूथपेस्टने करतात. दोन आठवड्यांत पुन्हा पिवळ्या होतात, माझ्या मैत्रिणीचा अनुभव.) पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले, कारण आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं आणि 2014 ची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. एसीत गॅस भरून घेतला. आई म्हणेल, पावसात एसी कशाला. काचेवर आतून बाष्प धरतं ते एसीच घालवतो, फडक्याने पुसत गाडी चालवता येत नाही. आणि उंदीर! पाऊस लागला की आमच्या कॉलनीतले उंदीर ऊबेला बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. शेजारच्यांनी तंबाखूची पानं बांधून ठेवायला सांगितलीत. बांधलीत. उंदरांना व्यसन लागलं नाही म्हणजे मिळवली.

आता आईच्या काळजीचा विषय, मुंबईत तुंबणारं पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी गाडीत अडकून लोक गेले ते तुला आठवतं, आणि तू दर पावसाळ्यात मला आठवण करून देतेस. तेव्हा माझा नियम ऐक. माझ्या गाडीचा तळ जमिनीपासून 165 मिलिमीटरवर आहे, म्हणजे साडेसहा इंच. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे इतकं पाणी व्हायला वेळ लागत नाही. आता हिंदमाताला जमिनीखाली टाक्या बांधल्यात, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, पण टाकीच्या भरवशावर मी गाडी घालणार नाही. फुटपाथची कड दिसेनाशी झाली की मागे वळायचं, मागे वळता येत नसेल तर उंचावर लावून चालत जायचं. आणि भरतीचं वेळापत्रक बघूनच ऑफिसला गाडी न्यायची की लोकलने जायचं ते ठरवायचं. बहुतेक पावसाळी दिवसांत लोकलच.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही, हे तर बाबांनी मला सायकल चालवायच्या वयात सांगितलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं, आणि ते माझ्या गाडीच्या वयाला मिळालं नाही. म्हणजे पाण्यात घातली तर खर्च माझा. मला वाटतं हे एका परीने बरंच आहे, मोह होत नाही. काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवली आहे, डिक्कीत नाही. मागच्या दोन काचा अजून हँडलने फिरवायच्या आहेत. भाऊजी हसले, पण वीज गेली तरी उघडतील अशा त्याच दोन.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, जुन्या कर्जाचा बोजा बँकेच्या पत्रानिशी उतरला, थकलेली ई-चलनं विकणाऱ्यांनी माझ्यासमोर भरली, नवी नंबरप्लेट लागली, पीयूसी झालं, विमा माझ्या नावावर आला. आरसीची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे 2029 पर्यंत. पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवता येते, तेव्हाचं तेव्हा.

गणपतीला आम्ही ह्याच गाडीने येणार. रेल्वेचं आरक्षण दरवर्षी उघडल्या उघडल्या संपतं. टोलमाफीचा पास निघाला की काढीन. बाबा म्हणतील, पुण्याकडून कुंभार्लीने ये. लांब पडतं, आणि कुंभार्ली पावसात काय असतो ते तुम्हीच सांगत आलात. मी गोवा हायवेनेच येईन, पहाटे चारला निघून माणगावची कोंडी व्हायच्या आत पुढे. कशेडीला आता बोगदा आहे. परशुराम घाटात दरड आली असेल तर खेडला थांबून तुम्हाला फोन करीन, रात्र असेल तर मावशीकडे राहीन. रात्रीचा घाट उतरायचा नाही हे तुमचं म्हणणं मान्य.

आई, पूजा इथेच केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, फोटो ताईच्या फोनवर पाठवलाय. सीटकव्हर तू म्हणतेस तर दिवाळीनंतर बघू, रंग तूच निवड.

बाबा, एकच काम राहिलंय. क्लच थोडा वरून धरतो. मिस्त्री म्हणतात प्लेट आणखी वर्षभर जाईल, मला चढावर भरलेल्या गाडीत खात्री वाटत नाही. तुम्ही आलात की एक चक्कर मारून सांगा, तोवर आवाज कसा येतो ते रविवारी फोनवर ऐकवते. कानात मशीन घालून बसा.

तुमची लेक