पडणाऱ्या सेबरलाच सलामी!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या विजय दिवस पुरवणीचं पहिलं पान बघितलं आणि हातातला चहा तसाच राहिला. फोटोखाली ओळ होती, 'शत्रूवर झेपावणारे आपले मिग-२१'. अहो, ते पाकिस्तानचं सेबर विमान आहे! आणि ते झेपावत नाहीये, पडतंय. मिगचा पंख त्रिकोणी असतो, सेबरचा मागे झुकलेला. फोटो गन कॅमेऱ्याचा, म्हणजे विमानाच्या तोफेबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा. वैमानिकाने ट्रिगर दाबला की तो सुरू होतो, त्यामुळे त्यात मार खाणारा दिसतो, मारणारा नाही. मारणारं इथे आपलं इवलंसं नॅट विमान होतं.

वर 'डिसेंबरमधील थरार' असंही छापलंय. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बोयऱ्याची ही झटापट २२ नोव्हेंबर १९७१ची, युद्ध सुरू होण्याच्या अकरा दिवस आधीची. मॅसी, गणपती, लाझारस, सोआरिस अशी चौघांची चार नॅट. पॅराशूटने उतरून पकडल्या गेलेल्या दोन पाकिस्तानी वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. एवढी गोष्ट त्या एका फोटोमागे असताना तुम्ही लिहिलंत काय, तर 'गगनभेदी पराक्रम'.

मी ओझरला मिगमध्येच, म्हणजे मिगच्या कारखान्यात, एकतीस वर्षं होतो. मिगचं कौतुक मला नकोय असं नाही, पण नॅटच्या ताटातलं नको. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ने रॉकेटं सोडली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. ते छापा की!

एवढा संताप का, तर मी एकदा पोळलोय. निवृत्त झालो तेव्हा एक वार्ताहर (कुठल्या दैनिकाचा, ते राहू द्या) घरी आला आणि 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणत आमच्या शिफ्टचा फोटो घेऊन गेला. आम्ही नऊ जण, मागे मिग-२१ बिस (मिग-२१चाच पुढचा प्रकार). छापला तो उलटा! सगळ्यांचे खिसे उजवीकडे, माझा भांग भलतीकडे, विमानाचा नंबर आरशातला. बिसचा पिटो (वेग मोजायची नळी) नाकाच्या वर, जरासा उजव्या अंगाला असतो. तो डावीकडे गेला. फोन केला तर म्हणतो, "काका, वाचकांना कुठं कळतंय?" मूळ फोटो काही परत आला नाही. घरात उरलंय ते उलटं कात्रण. नातीला दाखवायचं तर आरशासमोर धरतो.

दुरुस्ती पहिल्या पानावरच छापावी, राशिभविष्याच्या खाली नको. आणि विजय दिवसाच्या चार पानांत अडीच पानं प्लॉट-बंगल्यांच्या जाहिराती कशाला? त्या बंगल्यांचे फोटो मात्र एकही उलटा नाही आणि नावंही बरोबर.

आपला,
एक निवृत्त फिटर,
ओझर (जि. नाशिक)