टोर्नेडोची सुरुवात जमिनीलगत शोधा

महोदय,

टोर्नेडोच्या बातमीसोबत उद्ध्वस्त घरांची छायाचित्रे छापून येतात; तो येणार हे कळते कसे, याबद्दल मात्र फारसे वाचायला मिळत नाही. मी अमेरिकेतल्या टोर्नेडोप्रवण ओक्लाहोमा राज्यात, नॉर्मनला राहतो, म्हणून हे लिहितो आहे.

वादळातल्या वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या मोठ्या डॉप्लर रडारचा झोत पुढे जातो तसा पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून उंच होत जातो. शंभर किलोमीटरवर त्याचा सर्वांत खालचा झोतही सुमारे दीड किलोमीटर वर असतो. आता 31 मे 2013 चा, इथल्याच एल रेनो गावाजवळचा टोर्नेडो घ्या. रुंदी 4.2 किलोमीटर, आजवरच्या नोंदींत सर्वाधिक. ओक्लाहोमा विद्यापीठाचे ट्रकवरचे वेगवान रडार त्या दिवशी जवळच होते. त्याच्या नोंदी तपासल्यावर दिसले की वाऱ्याची जोरदार फिरकी आधी जमिनीलगत आली आणि मग वर. टोर्नेडो ढगातून खाली उतरतो, ही जुनी समजूत इथे लागू पडली नाही. दूरच्या रडारला जो थर दिसतच नाही, नेमकी तिथेच सुरुवात!

म्हणून मला ‘कासा’ प्रकल्पाचे मोल फार वाटते. नैऋत्य ओक्लाहोमात चार छोटी रडार एकमेकांपासून साधारण तीस किलोमीटरवर उभारली गेली. ती खालचा थर मिनिटाला एकदा पाहत. त्यांचा तीन सेंटिमीटर तरंगलांबीचा झोत मुसळधार पावसात क्षीण होतो हे खरे, पण एकाला दिसले नाही ते शेजारच्याला दिसते.

जोडीला ‘मेसोनेट’, म्हणजे हवामान केंद्रांचे जाळे. 1994 पासून राज्यातल्या प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) निदान एक केंद्र: कुंपणाच्या आत दहा मीटरचा मनोरा, तापमान, आर्द्रता, वारा, दाब, आणि दर पाच मिनिटांनी नोंद. वसंतात दुपारी पश्चिमेकडून कोरडी हवा सरकत येते, तेव्हा एकेका केंद्रावर दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) धाडकन उतरलेला दिसतो. वादळाच्या मागून खाली येणारी हवा फार गार असेल तर टोर्नेडोची शक्यता घटते. तुलनेने उबदार असेल तर वाढते. हा फरक रडारला कळत नाही. त्यासाठी जमिनीवरचा तापमापकच लागतो. एवढे असून निधीची चर्चा निघाली की सगळे मोठ्या रडारबद्दलच बोलतात, याचे वाईट वाटते.

पुढच्या टोर्नेडोची बातमी देताना इशारा किती मिनिटे आधी मिळाला आणि सर्वांत जवळचे रडार किती लांब होते, एवढे दोन आकडे आपण अवश्य छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, नॉर्मन (ओक्लाहोमा)