जिन्याचा आठवडा आणि बाकी खुशाली

ट्युबिंगन, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस शि. सा. न. आजीला नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या अख्ख्या आहेत, उगीच घोर लावून घेतला होतास. थंडी आहे पण घर गरम असतं, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. फोनवर शंभरदा सांगून तू पुन्हा विचारतेसच, म्हणून आता कागदावर लिहून दिलं.

आधी त्या पाटीचं सांगते. माझ्या दाराला काय लटकवलंय, असं दादाने फोटो बघून विचारलं होतं. ती 'केअरवोखे'ची पाटी, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. हे खूळ या श्वाबेन मुलखातलं. बाकीच्या जर्मन लोकांनाही त्याचं हसू येतं. आमच्या इमारतीत झाडायला बाई नाही. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना, तळघराचा बोळ आणि पुढचा फुटपाथ झाडायचा, बर्फ पडलं तर तेही ओढायचं, आणि काम झालं की पाटी शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची. गंमत अशी की जिना मुळात घाण झालेलाच नसतो. सगळे बूट पुसून आत येतात. पण 'स्वच्छच आहे की' ही सबब चालत नाही. वरून खाली यायचं, प्रत्येक पायरीचा कोपरा काढायचा, कठडा आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचा. बादली जरा वाजवावी लागते, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना काम चालू असल्याचं कळतं. त्या दार किलकिलं करून 'गुटन टाग' म्हणतात, नजर मात्र पायरीच्या कडेवर. मला सासू मिळाली नाही असं कोण म्हणतं? रविवारी आवाज करायचा नाही असा इथला दंडक, म्हणून शनिवारीच उरकावं लागतं. लॅबमधून येईपर्यंत अंधार पडलेला असतो, त्यामुळे काल ऐन दिवेलागणीला केर काढला. हे आजीला वाचून दाखवू नका. केर सुपलीत भरून ठेवला आणि आज सकाळी बाहेर टाकला, एवढं मात्र पाळलं.

आता तुमच्या शंका. आई, लॅबमध्ये मेंदूच्या गाठीच्या पेशी हाताळून मला गाठ होत नाही. हा संसर्गाचा रोग नाही आणि आम्ही हातमोजे घालतो. मोबाइल उशाशी ठेवून मेंदूची गाठ होते, हा मेसेज तू मला परत परत पाठवतेस. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा गेल्या वर्षी आला. त्यात तसा संबंध आढळला नाही. आत्यालाही सांग. आजी उंदरांचं विचारते. माझं बरंचसं काम प्लॅस्टिकच्या बशीतल्या पेशींवर असतं. बरंचसं. तिला एवढंच सांगा.

बाबांनी विचारलंय, मज्जातंतूंची वाढ आणि मेंदूची गाठ यांचा काय संबंध. बाबा, मज्जातंतूचं वाढतं टोक आपल्या परसातल्या दुधीच्या वेलासारखं चाचपडत पुढे जातं. कुठे जायचं आणि कुठे नाही, याच्या खुणा त्याला वाटेत मिळतात. या खुणांचा माग काढणारे फ्रीडरिश बोनहोफर इथल्याच माक्स प्लांक संस्थेतले. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या पुढच्या आणि मागच्या भागातली पेशींची आवरणं एकाआड एक पट्ट्यांनी पसरली आणि डोळ्याच्या पडद्यातले तंतू त्यावर वाढू दिले. पडद्याच्या एका बाजूच्या तंतूंनी मागच्या भागाच्या पट्ट्या साफ टाळल्या आणि पुढच्या भागाच्या पट्ट्यांवरून सरळ रेघेत वाढले. ते फोटो मी खारघरला असताना पहिल्यांदा पाहिले, आणि इथे यायचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली कर्करोगाची गाठ हीच विद्या वापरते. २०१५ मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिच्या पेशी लांब, बारीक नळ्या काढून एकमेकींना जोडून घेतात. त्यासाठी त्यांना गॅप-४३ नावाचं प्रथिन लागतं, वाढत्या मज्जातंतूंना लागतं तेच. २०१९ मध्ये तर निरोगी चेतापेशी या गाठीशी जोडण्या करतात आणि त्यांच्या संदेशांवर गाठ पोसते, असं हायडेलबर्ग आणि स्टॅनफर्ड दोन्हीकडून छापून आलं. म्हणून सर्जनला गाठ काढता येते, तिची कड सापडत नाही. मी त्या नळ्या बघत बसते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हिरवा धागा जरासा सरकतो, थांबतो, फाटा फोडतो, की जेवायचं भान राहत नाही. (आई, नंतर जेवते.)

शेजारच्या काकांच्या एमआरआयचे फोटो दादाने पाठवले, ते पाहिले. सगळ्यांना वाटतं मी इथून काहीतरी सांगेन. मी डॉक्टर आहे, पण रोग्यांची नाही. काकूंना म्हणावं, परळला टाटामध्येच जा. ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, २००५ पासून जगभर हेच चालू आहे; इथे वेगळं औषध लपवून ठेवलेलं नाही. बाबा, फक्त तुम्हाला सांगते. ज्या चाचणीवरून हे उपचार ठरले, त्यात हे सगळं मिळूनही निम्मे रुग्ण पंधरा महिन्यांच्या आत गेले. काकूंनी विचारल्याशिवाय हे बोलू नका. काकांनी मला सायकल शिकवली. त्यांना फोन करायचाय, काय बोलायचं ते ठरत नाहीये.

आत्या म्हणते, या नादात मुलीचं आयुष्य जातं. तिला रीटा लेव्ही-मोंताल्चिनी सांगा. इटलीत १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यूंना विद्यापीठं बंद केली, तेव्हा या बाईने झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून कोंबडीची अंडी तपासली. पुढे अमेरिकेत सेंट लुईसला असताना तिच्या लक्षात आलं की उंदराच्या गाठीचा तुकडा भ्रूणाला जोडला की मज्जातंतू त्या गाठीत भसाभस वाढत शिरतात. त्यातून 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' सापडला. १९८६ ला नोबेल, आयुष्य १०३ वर्षांचं, आणि लग्न केलं नाही. अमेरिकेला ती १९४७ मध्ये दहा-बारा महिन्यांसाठी म्हणून गेली होती आणि तीसेक वर्षं तिथल्या विद्यापीठात राहिली. हे वाक्य लिहून झाल्यावर वाटलं, आई नेमकं हेच धरून बसेल. माझं तसं नाही. इथल्या कायद्याने पीएचडीनंतर तात्पुरत्या करारावर साधारण सहा वर्षंच ठेवता येतं, म्हणजे त्यांनाच मला कायमची ठेवून घ्यायची नाही. पण करार दोन वर्षांनी वाढलाय, आणि मी सही केली आहे. फोनवर सांगणार होते, पण तेव्हा आजी समोर होती.

तुळशीचं लग्न झालं, आता घरात काय विषय निघाले असतील ते ठाऊक आहे. पुण्याच्या त्या स्थळाला नाही कळवा. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या आईने पहिला प्रश्न 'परत कधी येणार' हा विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्यासाठी छोटीचं अडवू नका. मोठी बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं करायचं, असं मामा म्हणाले तर त्यांना माझा नंबर द्या. कार्यालयाचे दीड लाख दादाच्या खात्यात टाकलेत. ते परत पाठवायचे नाहीत आणि 'ताईने दिले' असं सासरच्यांना सांगत बसायचं नाही. मुहूर्त काढताना फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा टाळता आला तर बघा, त्या दिवसांत मोठा मायक्रोस्कोप आम्हाला मिळालाय. नाहीच जमलं तर मी कसंही करून येईन. नक्की.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
ताई

ता. क. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की आधी कळवा. आजी पडली तेव्हा प्लास्टर निघाल्यावर सांगितलंत, तसं या वेळी करू नका.